स्वच्छ केलेल्या जमिनीतील वायू

(जिल्हा माहिती अधिकाऱ्यांनी चंद्रपूर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. धुराड्यांविषयी, नदीत सोडलेल्या सांडपाण्याविषयी, रस्त्यावरच्या कोळशाच्या धुळीविषयी या जिल्ह्यात बोलणे नवे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली. तेव्हा चंद्रपूरचा निर्देशांक ८३.८८ इतका भरला आणि आपले शहर चौथ्या स्थानी आले, हे येथे बहुतेकांना ठाऊक आहे. पण ते प्रदूषण डोळ्यांना दिसणारे आणि नाकाला जाणवणारे होते. मला बोलावयाचे आहे ते जमिनीच्या पोटात साठणाऱ्या आणि तेथून हळूहळू वर येणाऱ्या वायूंविषयी. आणि तेही कारखाना चालू असतानाचे नव्हे. कारखाना बंद झाला, जागा साफ करण्यात आली, दूषित माती उचलून नेण्यात आली, आणि ती जागा आता शाळेला, अंगणवाडीला किंवा घरकुलांना द्यावी असा ठराव ग्रामसभेपुढे आला, त्या क्षणाविषयी मी बोलणार आहे. त्या ठरावावर हात वर करण्यापूर्वी सदस्यांनी काय विचारावे, हा आजचा प्रश्न होय.

मी कला शाखेचा पदवीधर आहे. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. त्यामुळे जे सांगेन ते तज्ज्ञांना फार सोपे वाटेल. तथापि गावात हा प्रश्न उभा राहतो तेव्हा तो तज्ज्ञांपुढे नव्हे, आपणांसारख्यांपुढेच प्रथम उभा राहतो.

जमीन आपल्याला घट्ट वाटते, पण ती तशी नाही. मातीच्या कणांमध्ये लहान लहान पोकळ्या असतात. पाण्याच्या पातळीखाली त्या पाण्याने भरलेल्या असतात आणि पातळीच्या वर त्यांत हवा असते. ही हवा म्हणजे जमिनीचा श्वासच म्हणावयास हरकत नाही. पेट्रोल, डिझेल, रंग पातळ करण्याची द्रव्ये, यंत्रांचे सुटे भाग धुण्याची द्रावणे जमिनीत मुरली की त्यांचा काही भाग मातीला चिकटतो, काही पाण्यात उतरतो आणि काही वाफ होऊन या पोकळ्यांतील हवेत मिसळतो. ज्या ठिकाणी कचरा, लाकूड किंवा कोळसा गाडलेला असतो, तेथे मिथेन, कार्बन डायऑक्साइड, कधी हायड्रोजन सल्फाइड असे वायू तयार होतात किंवा मोकळे होतात. वर मोकळे मैदान असेल तर हे वायू वाऱ्यात विरून जातात. वर घर असेल तर जोत्याच्या भेगांतून, नळाच्या व विजेच्या पाइपाभोवतीच्या फटींतून, न्हाणीच्या मोरीतून ते खोलीत शिरतात. परदेशांत या प्रश्नाचा अभ्यास गेली कित्येक दशके चालू आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत प्राथमिक अंदाजासाठी असे धरले आहे की फरशीखालील वायूत जेवढे दूषित द्रव्य असेल, त्याचा शंभरात तीन इतका अंश खोलीतील हवेत येऊ शकतो. तीन हा आकडा लहान वाटतो, पण फरशीखाली द्रव्य किती आहे त्यावर तो लहान की मोठा हे ठरते.

आता सफाईकडे वळू. सफाईची एक सर्वमान्य रीत अशी की जमिनीत छिद्रे असलेले पाइप उतरवावयाचे, वर पंप बसवावयाचा आणि मातीतील दूषित हवा शोषून घ्यावयाची. पंप चालू असताना वायूचे प्रमाण झपाट्याने उतरते. आठवड्यांचे आकडे पाहून सर्वांना समाधान वाटते. मग पंप बंद होतो, अहवाल लिहिला जातो आणि दाखला मिळतो. काही महिन्यांनी कोणी पुन्हा मोजले तर आकडा परत वर गेलेला दिसतो!

असे का होते, हे समजावयास आपल्या घरातील एक अनुभव पुरे आहे. ज्या मातीच्या मडक्यात एकदा रॉकेल ठेवले, ते घासून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवले की त्याचा वास गेलासा वाटतो. तेच मडके झाकण घालून चार दिवस ठेवा आणि झाकण उघडा. मडक्याच्या भिंतीत मुरलेले रॉकेल परत बाहेर आलेले असते. जमिनीतही असेच होते. रेताड थरातील वायू पंपाने लवकर निघून जातो, पण मधल्या चिकणमातीच्या पट्ट्यांत मुरलेले द्रव्य पंपाच्या ओढीला दाद देत नाही. ते आपल्या गतीने, महिनोन्महिने आणि कधी वर्षानुवर्षे, रेताड थरात झिरपत राहते. म्हणून पंप चालू असतानाचा आकडा हा पंपाच्या कामाचा पुरावा आहे, जमीन स्वच्छ झाल्याचा नव्हे. ती परीक्षा पंप बंद केल्यावर सुरू होते. अभियंत्यांनाही हे माहीत असते. तरीही कंत्राटाची मुदत आणि जमिनीची मुदत यांची गाठ क्वचितच पडते, हे आपल्यापैकी बांधकामाच्या समित्यांवर काम केलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

द्रव्याद्रव्यांतही फरक आहे. पेट्रोलमधील बेंझीनसारखी द्रव्ये हवेशीर मातीत सूक्ष्म जीव बऱ्याच अंशी खाऊन टाकतात, त्यामुळे वरच्या थरांत ती पुष्कळदा विरळ होतात. यंत्रभाग धुण्याचे ट्रायक्लोरोइथिलीन मात्र हवेशीर मातीत तसे सहजासहजी मोडत नाही व लांबपर्यंत जाते. म्हणून अमुक जागेवर पूर्वी काय चालत होते, हे गावातील वृद्ध कामगारांना विचारणे हा तपासणीचा पहिला भाग समजावा. कारखान्याच्या नकाशावर नसलेली टाकी किंवा द्रावण ओतण्याचा खड्डा कोठे होता, हे तेथे बारा महिने काम केलेल्या माणसाला माहीत असते.

गडचिरोलीहून आलेल्या सदस्यांना वाटेल की आमच्याकडे कारखाने फारसे नाहीत, तेव्हा हे आमच्या कामाचे नाही. पण जमिनीत पुरलेली टाकी प्रत्येक तालुक्यात आहे, कारण पेट्रोल पंप प्रत्येक तालुक्यात आहे. पंप दुसरीकडे हलविला आणि जुनी जागा दुकानांना किंवा घरांना दिली, तर हा सर्व विचार तेथेही लागू होतो.

तथापि चंद्रपूरचा स्वतःचा प्रश्न कोळशाचा आहे, आणि तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

या जिल्ह्यात कोळसा काढण्यास एकोणिसाव्या शतकात सुरुवात झाली. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद पडली. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही सार्वजनिक कंपनी अस्तित्वात आली आणि तोवर अनेक खासगी मालकांनी केलेले खोदकाम तिच्याकडे आले. महाकाली, हिंदुस्थान लालपेठ, दुर्गापूर रय्यतवारी ही नावे चंद्रपूरकरांना मोहल्ल्यांच्या नावांइतकी परिचित आहेत. शहर आणि खाणी येथे एकमेकांच्या शेजारी वाढल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथे जुन्या भूमिगत खाणीवरील वस्तीतील एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे हादरा जाणवताच बाहेर पळाली म्हणून वाचली, आणि पुढे त्या वस्तीतील इतर कुटुंबांना हलवावे लागले. ती घटना जमीन खचण्याची होती, वायूची नव्हे. मी तिचा उल्लेख एवढ्यासाठीच करतो की पायांखाली पोकळी आहे, हे आपण त्या दिवशी पाहिले. जेथे पोकळी असते तेथे हवा असते, आणि जुन्या कोळशाच्या खाणीतील हवा आपल्या अंगणातील हवेसारखी नसते.

कोळसा प्राणवायू शोषून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. बंद खाणीतील हवेत प्राणवायू घटत जातो आणि गुदमरविणारा वायू वाढत जातो. वर्धा खोऱ्यातील कोळशाला आपोआप तापून पेट घेण्याची खोड आहे. तसे झाले तर वास नसलेला, रंग नसलेला कार्बन मोनॉक्साइडही त्यात येतो. यांपैकी कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे तो खोलगट जागेत, जमिनीलगत साचतो. खाटेवर झोपलेल्यापेक्षा जमिनीवर अंथरूण घालून झोपलेले मूल त्याच्या तावडीत आधी सापडते, हे लक्षात ठेवावे.

हे केवळ पुस्तकी भय आहे असे कोणास वाटू नये. स्कॉटलंडमध्ये गोअरब्रिज नावाचे कोळशाच्या जुन्या खाणींवर वसलेले गाव आहे. तेथील नगरपरिषदेने गरजू कुटुंबांसाठी नवी घरे बांधली. घरे चांगली होती, लोक आनंदाने राहावयास गेले. काही वर्षांनी, २०१३ मध्ये, रहिवासी आजारी पडू लागले तेव्हा शोध घेता असे आढळले की खालच्या जुन्या खाणींतील कार्बन डायऑक्साइड घरांत येत होता. घरांखाली वायू अडविणारा पडदा घातलेला नव्हता. अखेर सार्वजनिक पैशाने बांधलेली ६४ घरे पाडावी लागली. घरकुलांसाठी जागा निवडणाऱ्या आपल्या समित्यांनी हा आकडा आपल्या टिपणवहीत लिहून ठेवावा, असे मला वाटते.

इंग्लंडमधील लॉस्को गावाची हकीकत आणखी बोलकी आहे. तेथे विटांसाठी माती काढलेल्या जुन्या खाणीत कचरा भरला होता. आसपासच्या बागांतील झाडे मरू लागली, जमीन काही ठिकाणी कोमट लागू लागली. ही चिन्हे दोन वर्षे दिसत होती. २४ मार्च १९८६ रोजी पहाटे एक बंगला स्फोटाने पूर्ण उद्ध्वस्त झाला आणि आतील तिघे जण जबर जखमी झाले. मिथेन वायू हवेत शेकडा ५ ते १५ या प्रमाणात मिसळला की ठिणगीने स्फोट होतो. तोच वायू त्या घराखाली साचला होता. पण त्याच दिवशी का? चौकशीत असे दिसले की त्या रात्री सुमारे सात तासांत वातावरणाचा दाब २९ मिलिबारने उतरला होता. वरचा दाब उतरला की जमिनीतील वायू, बाटलीचे बूच सैल व्हावे तसा, वर उसळतो.

या हकीकतीपासून आपल्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळते. जमिनीतील वायू दररोज सारखा नसतो. कालचा शून्य आकडा आजचा शून्य आकडा नव्हे. आणि म्हणून, सफाईनंतर एका दिवशी, एका वेळी, सोयीच्या ऋतूत घेतलेल्या नमुन्यावर कोणतीही जमीन कायमची सुरक्षित ठरविता येत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या ऋतूंना हे लावून पाहू. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची काळी जमीन हात हात खोल भेगाळते. त्या भेगांतून वायू मोकळेपणाने निघून जातो, त्यामुळे मोकळ्या जागेत घेतलेले उन्हाळी नमुने पुष्कळदा समाधानकारक येतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि ओल्या पृष्ठभागाचे जणू झाकण बसते. खालून पाण्याची पातळी चढते आणि पोकळ्यांतील हवेला वर रेटते. वर झाकण व खालून रेटा, अशा स्थितीत वायू आडवा सरकतो. आणि त्या सगळ्या परिसरात कोरडी, न भिजलेली, वायूला वाट देणारी जागा कोणती उरते? घराच्या जोत्याखालची. बंगालच्या उपसागरात निर्माण झालेले कमी दाबाचे पट्टे जुलै ते सप्टेंबर या काळात विदर्भावरून जातात, तेव्हा तर पाऊस आणि उतरता दाब दोन्ही एकदमच येतात. म्हणजे नमुना घेण्यास कर्मचाऱ्याला सर्वांत गैरसोयीचा असलेला दिवस हाच नमुना घेण्यास सर्वांत योग्य दिवस होय. भर पावसात उथळ नळीत पाणी शिरते आणि नमुना बिघडतो, ही तंत्रज्ञांची अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे त्या काळात छपराखाली, म्हणजे इमारतीच्या फरशीखाली बसविलेल्या नळ्यांतून नमुने घेणे. तपासणी हिवाळ्यावर ढकलणे हा उपाय नव्हे.

येथे कूलरविषयी एक गोष्ट सांगतो. ऐकून आपणांस हसू येईल. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीत बसविलेला कूलर बाहेरची हवा जोराने खोलीत ढकलतो. त्यामुळे खोलीतील दाब किंचित वाढतो आणि जमिनीतील वायू आत येण्यास अडथळा होतो. त्याच खोलीत स्वयंपाकघराचा हवा बाहेर टाकणारा पंखा लावला तर उलटे होते, दाब उतरतो आणि फरशीच्या फटींतून हवा आत ओढली जाते. तेव्हा मे महिन्यात, दुपारी, कूलर चालू असलेल्या खोलीतून घेतलेला हवेचा नमुना पाहून कोणी "घर सुरक्षित" असे लिहून देत असेल, तर त्या घराची परीक्षा झाली की कूलरची, असे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. डिसेंबरच्या रात्री दारे-खिडक्या बंद असताना आणि श्रावणाच्या झडीत असे दोन नमुने आणखी घेतले, तर मात्र त्या तीन आकड्यांना काही अर्थ येतो.

नमुना घेण्याची रीत आपण एकदा पाहून ठेवावी, म्हणजे पथक गावात येईल तेव्हा ते काय करीत आहे ते कळेल. जमिनीत बोटभर जाडीची नळी उतरवितात. तिच्या तळाशी छिद्रे असतात. तळाभोवती रेती आणि तिच्या वर बेंटोनाइट नावाची फुगणारी माती ओली करून ठासतात, कारण वरची मोकळी हवा नळीच्या कडेने खाली गेली तर नमुन्यात आपल्याच अंगणातील हवा भरली जाईल व आकडा खोटा, म्हणजे कमी, येईल. ही ठासणी पक्की आहे की नाही हे पाहण्यासाठी नळीच्या तोंडाभोवती हेलियम वायू सोडून तो नमुन्यात येतो का ते तपासतात. ही चाचणी केली होती का, एवढा एकच प्रश्न विचारला तरी काम मनापासून झाले की उरकले गेले ते पुष्कळ अंशी समजते. नळीतील आधीची शिळी हवा काढून टाकल्यानंतरच नमुना निर्वात केलेल्या धातूच्या डब्यात किंवा शोषक पावडर भरलेल्या नळीत घेतात. त्याच दिवशी घरातील हवेचा व बाहेरच्या हवेचाही नमुना घ्यावा लागतो. नाहीतर घरात ठेवलेल्या रंगाच्या डब्याचा किंवा दारातील मोटारसायकलचा वायू जमिनीच्या माथी मारला जातो, आणि उलट, जमिनीतून आलेला वायू मोटारसायकलच्या माथी मारून मोकळे होता येते.

कोळसा खाणीत काम केलेल्या मंडळींना यात अनोळखी असे काही नाही. आग लागलेला किंवा काम संपलेला खाणीचा भाग भिंत घालून, म्हणजे त्यांच्या शब्दांत स्टॉपिंग करून, बंद करतात. पण बंद करून विसरत नाहीत. भिंतीतून काढलेल्या नळीने पलीकडच्या हवेचे नमुने ठरावीक काळाने घेतले जातात. प्राणवायू किती घटला आणि कार्बन मोनॉक्साइड किती वाढला यांचे गुणोत्तर काढतात; ते ग्रॅहॅम या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. हे गुणोत्तर चढत असेल तर भिंतीपलीकडे कोळसा तापतो आहे असे समजतात. खाणीतील अनुभवी अधिकारी एका आकड्यावर कधी विसंबत नाही, तो आकड्यांची रांग पाहतो. हे ज्ञान आणि ही शिस्त या जिल्ह्यात कित्येक पिढ्यांपासून आहे. जमिनीखाली पाळली जाणारी ही रीत जमिनीवरच्या वस्तीसाठीही वापरावी, एवढीच माझी सूचना आहे. निवृत्त खाण कर्मचाऱ्यांना ग्रामपंचायतींनी सल्लागार म्हणून बोलावल्यास ते आनंदाने येतील, असा माझा विश्वास आहे.

महाराष्ट्रातच घडलेले एक उदाहरण सांगितले पाहिजे. मुंबईत मालाड येथे चिंचोली बंदरची कचराभूमी होती. तिचा वापर थांबल्यानंतर त्या परिसरात मोठी आधुनिक कार्यालये उभी राहिली. काही काळाने तेथील संगणक व इतर विद्युत उपकरणे वारंवार बिघडू लागल्याचे आणि कर्मचाऱ्यांना डोकेदुखीचा त्रास होत असल्याचे वृत्तपत्रांतून गाजले. गाडलेल्या कचऱ्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबे आणि चांदी या धातूंना काळे करतो, आणि उपकरणांतील जोडण्या नेमक्या याच धातूंच्या असतात. आपल्या माताभगिनींच्या पायांतील चांदीचे पैंजण एखाद्या घरात नेहमीपेक्षा फार लवकर काळे पडू लागले, तर तीही एक खूणच समजावी. घामाने व साबणानेही चांदी काळवंडते हे खरे, म्हणून खुणेला पुरावा मानू नये. पण खूण दुर्लक्षूही नये. या वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्याचे प्रमाण फार वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते. तेव्हा "आता वास येत नाही" हे नेहमीच शुभवर्तमान असते असे नाही.

भोपाळची आठवण येथे अपरिहार्य आहे. डिसेंबर १९८४ च्या दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडचा कारखाना बंद पडला. तेथे साठवून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, पिथमपूरला हलविण्यात आला आणि त्याच वर्षी जाळून नष्ट करण्यात आला. वृत्तपत्रांत भोपाळ स्वच्छ झाले अशा अर्थाचे मथळे आले. परंतु नागपूरच्या आपल्या नीरी संस्थेने २०१० मध्ये केलेल्या पाहणीत त्या आवारातील दूषित मातीचा अंदाज अकरा लाख टन इतका दिला होता. ३३७ टन कोठे आणि अकरा लाख टन कोठे! डोळ्यांना दिसणारा ढीग हलविणे आणि जमीन स्वच्छ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम जारी केले. त्यापूर्वी असे स्वतंत्र नियम नव्हते. २०२५ मधील सरकारी माहितीनुसार देशात १०३ दूषित स्थळे ओळखण्यात आली होती आणि त्यांपैकी केवळ सात ठिकाणी सफाई सुरू झाली होती. या नियमांत आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी की संशयित दूषित स्थळ ओळखून त्याची माहिती देण्याचे काम स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासन यांच्याकडे सोपविले आहे, मग ते स्वतःहून असो वा नागरिकांच्या तक्रारीवरून. ही माहिती दर सहा महिन्यांनी द्यावयाची आहे. त्यानंतर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि गरज दिसल्यास पुढील ९० दिवसांत सविस्तर तपासणी करावयाची आहे. सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावयाचा आहे.

पण मित्रहो, यात आपल्या जिल्ह्यासाठी एक मेख आहे. खाणकामातून झालेले दूषण या नियमांच्या कक्षेतून सर्वसाधारणपणे वगळलेले आहे, कारण त्यासाठी वेगळे कायदे आहेत. कोळसा खाणींबाबत कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार खाण कंपनीने या कामासाठी वेगळ्या खात्यात पैसा ठेवावयाचा असतो. म्हणून आपल्या हद्दीतील जागा बंद कारखान्याची असेल तर अर्जाची दिशा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि बंद खाणीची असेल तर खाण कंपनी व खाण सुरक्षा महासंचालनालय यांच्याकडे, हे आधी ठरवून घ्यावे. दोन्ही दारांवरून परत पाठविलेले अर्ज आपण सर्वांनीच पाहिले आहेत. अशा वेळी जिल्हाधिकारी कार्यालयात प्रत द्यावी आणि पोच घ्यावी.

ग्रामसभेत अशी जागा स्वीकारण्याचा ठराव येईल तेव्हा त्या ठरावातच काही गोष्टी लिहून घ्याव्यात, नंतर नव्हे. सफाईची यंत्रणा थांबविल्याची तारीख आणि त्यानंतर घेतलेल्या पहिल्या नमुन्याची तारीख लिहून घ्यावी. पावसाळ्यात नमुने घेतले काय, आणि कितव्या वर्षापर्यंत घेतले जाणार, हेही लिहून घ्यावे. जमिनीतील नळ्यांची ठिकाणे गावनकाशावर दाखविलेली असावीत, म्हणजे कोणी तेथे नकळत कुंपणाचा खांब रोवणार नाही किंवा नळ्या मुरमाखाली बुजणार नाहीत. बांधकाम करावयाचेच असेल तर फरशीखाली वायू अडविणारा पडदा आणि तो बाहेर नेणारे पाइप घालण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. इमारत उभी राहिल्यावर फरशी उखडून हे काम करणे फार महाग पडते. आणि अहवालाची मराठी प्रत पंचायतीच्या दप्तरी असावी. इंग्रजी अहवालाच्या शेवटच्या पानावरील "समाधानकारक" एवढाच शब्द वाचून सही करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

शेवटी शिक्षकांसाठी एक काम सुचवितो. वायूचा आकडा त्या दिवशीचा पाऊस आणि हवेचा दाब यांच्याशिवाय वाचता येत नाही, हे आपण पाहिले. तालुक्याच्या ठिकाणी पर्जन्यमापक असतो, पण दहा मैलांवरच्या गावात पडलेला पाऊस तो सांगत नाही. अशा जागेजवळच्या शाळेने मैदानात साधा पर्जन्यमापक बसवावा, भिंतीवर वायुभारमापक लावावा आणि वरच्या वर्गातील मुलांकडून दररोज सकाळी ठरावीक वेळी दोन्ही आकडे वहीत लिहून घ्यावेत. त्याच वहीत झाडे अकाली सुकणे, विहिरीत उतरणाऱ्याला गुदमरल्यासारखे होणे, हिवाळ्यात एखाद्या ठिकाणी दव न पडणे अशा नोंदीही तारखेनिशी कराव्यात. तपासणी पथक येईल तेव्हा ही वही त्यांच्यापुढे ठेवावी, आणि त्यांचा नमुना घेतल्याची वेळ त्याच पानावर त्यांच्या सहीनिशी लिहून घ्यावी. वहीचा नमुना-तक्ता आम्ही तयार केला आहे. त्याच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत.